एका गोळ्याचे दोन आकडे

१९१२ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत ओटो फ्योपल नावाचा तरुण अभियंता पॅरिसहून प्रसिद्ध झालेले आकडे आपल्या आकड्यांशी ताडून पाहत होता. प्रश्न साधा होता. गुळगुळीत गोळा वाऱ्याच्या झोतात धरला, तर हवा त्याला किती जोराने मागे रेटते? गोळ्याइतकी सोपी आकृती दुसरी नाही. त्याला कोपरा नाही, कड नाही, कुठूनही पाहिला तरी तोच. तरीही ग्योटिंगेनचा आकडा पॅरिसच्या आकड्याच्या दुपटीहून मोठा निघत होता. आजच्या पद्धतीने मांडायचं तर इकडे साधारण ०.४५ आणि तिकडे ०.१८. इतकी तफावत तराजूच्या चुकीने पडत नाही. फ्योपलने तर्क केला की पॅरिसच्या मंडळींकडून हिशेबाच्या शेवटी दोनाने गुणायचं राहून गेलं असावं, आणि तसं त्याने मांडलंही.

पॅरिसची ती प्रयोगशाळा गुस्ताव आयफेल यांची होती. ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या माणसाने उभं आयुष्य लोखंडी पुलांवर वाऱ्याचा दाब किती येतो याचे हिशेब करण्यात घालवलं होतं. त्यांना दोनाने गुणायची आठवण करून देणं म्हणजे आगीत तेल ओतणंच होतं. पण त्या रागातून जे निघालं, त्याच्या तोडीचं फळ हवेच्या अवरोधावरच्या दुसऱ्या कुठल्या वादातून निघालं असेल असं मला वाटत नाही. कारण दोन्ही आकडे बरोबर होते.

हा आकडा इतका उशिरा का वादात सापडला, हे कळायला बरंच मागे जावं लागतं. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’चा दुसरा भाग बहुतांशी याच विषयाला वाहिला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चालणारी वस्तू समोरच्या हवेच्या कणांना ढकलत जाते. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच वेळात दुप्पट कण समोर येतात आणि प्रत्येकाला दुप्पट वेगही द्यावा लागतो, म्हणून अवरोध चौपट होतो. हवा जितकी दाट, वस्तूचा समोरचा भाग जितका मोठा, तितका तो वाढतो. हे पडताळायला लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल कामी आलं. १७१० मध्ये तिथे २२० फुटांवरून काचेचे गोळे सोडले गेले, काहींत पारा आणि काहींत नुसती हवा. १७१९ मध्ये देसागुलिये यांनी डुकराची मूत्राशयं गोल फुगवून, वाळवून २७२ फुटांवरून खाली सोडली. न्यूटनने हे आकडे ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांत घेतले.

तोफा-बंदुकांच्या वेगाला हवा काय करते, हे मात्र १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्सने दाखवलं. बंदुकीची गोळी एका जड, टांगत्या लाकडी फळीवर मारायची आणि फळी किती मागे झुलली यावरून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. तोवर तोफखान्याची पुस्तकं गॅलिलिओच्या परवलयावर चालत होती, हवा जमेस न धरता. रॉबिन्सच्या मोजणीत वेगवान गोळीवरचा हवेचा अवरोध गोळीच्या वजनाच्या शंभर पटींच्या घरात गेला. ऑयलरसारख्या गणितज्ञाने त्याचं पुस्तक स्वतः जर्मनमध्ये आणलं आणि त्यावर भलंमोठं भाष्य लिहिलं. या रॉबिन्सचा शेवट आपल्याकडे झाला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या बांधकामासाठी मुख्य अभियंता म्हणून पाठवलं आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला.

गणिताची बाजू त्याच सुमारास अडून बसली. बर्लिनच्या अकादमीने द्रवाच्या अवरोधावर बक्षीस लावलं. फ्रान्सच्या दालांबेरने निबंध पाठवला. प्रयोगाशी मेळ दाखवा म्हणून परीक्षकांनी बक्षीस रोखून धरलं, तेव्हा त्याने तो निबंध १७५२ मध्ये स्वतंत्र छापला. त्याच्या गणिताने विलक्षण गोष्ट सांगितली. घर्षण नसलेला द्रव वस्तूच्या पुढे दुभंगतो आणि मागे तितक्याच सफाईने जुळून येतो. पुढून जेवढा दाब, तेवढाच मागून. एकूण अवरोध शून्य. नावाड्याच्या दंडाला रोज जे कळतं ते समीकरणात कुठेच नव्हतं, आणि समीकरणात चूकही सापडत नव्हती. दालांबेरने हे कोडं भावी गणितज्ञांवर सोपवलं. पुढे १७७५ मध्ये फ्रेंच सरकारसाठी याच दालांबेरने काँदोर्से आणि बोस्यू यांच्यासोबत पॅरिसच्या सैनिकी विद्यालयातल्या तलावात नौकांच्या प्रतिकृती ओढून अवरोध मोजला. स्वतःचं गणित शून्य सांगत असताना तलावाकाठी उभं राहून तो शून्य नाही हे मोजणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

नंतरची शंभर वर्षं विषय दुभंगलेलाच राहिला. नाव्ह्ये आणि स्टोक्स यांनी द्रवाची श्यानता, म्हणजे त्याचा चिकटपणा, समीकरणात आणला. १८५१ मध्ये स्टोक्सने अगदी संथ जाणाऱ्या बारीक गोळ्याचा अवरोध अचूक काढला. त्यात अवरोध वेगाच्या वर्गाने वाढत नाही, वेगाच्याच प्रमाणात वाढतो. ढगातला शतांश मिलिमीटर त्रिज्येचा थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटिमीटर खाली सरकतो, हे या सूत्राने निघतं. पण गोळा मोठा आणि वेगवान झाला की सूत्र निरुपयोगी. मग अभियंते न्यूटनच्या वर्गाकडे वळत आणि पुढे एक गुणक लावत.

तो गुणकच आपल्या गोष्टीचा नायक आहे. आजचं सूत्र असं: हवेची घनता, वेगाचा वर्ग, वस्तूचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ आणि अवरोध गुणांक, या सगळ्यांचा गुणाकार करून त्याचं अर्धं घ्यायचं. उदाहरण क्रिकेटच्या चेंडूचं घेऊ. व्यास ७.२ सेंटिमीटर, म्हणजे समोरचं क्षेत्रफळ ०.००४१ चौरस मीटर. वेग तासाला १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर, त्याचा वर्ग १६००. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो आणि गुणांक ०.४५ धरू. उत्तर येतं जवळजवळ १.८ न्यूटन. चेंडूचं वजन १६० ग्रॅम, म्हणजे साधारण १.६ न्यूटन. पृथ्वी चेंडूला खाली जेवढं ओढते, त्याहून थोडं जास्तच हवा त्याला मागे ओढते. हातातून सुटल्यापासून बॅटपर्यंत पोचेस्तोवर त्याचा वेग ताशी पंधरा-अठरा किलोमीटरने उतरलेला असतो. हे सगळं गणित सरळ आहे. घनता पुस्तकात मिळते, क्षेत्रफळ मोजपट्टीने, वेग घड्याळाने. फक्त तो ०.४५ कुठून आला, हे सूत्र सांगत नाही. तो मोजावाच लागतो. आयफेल यांनी आयुष्याची शेवटची वीस वर्षं याच मोजणीला दिली.

त्यांना त्याची गरज बांधकामात पडली होती. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल वादळात कोसळला आणि वरची आगगाडी प्रवाशांसकट नदीत गेली. त्या पुलाच्या आखणीत वाऱ्याचा भार नीट धरलाच नव्हता. त्याच सुमारास आयफेल फ्रान्समधल्या गाराबी इथल्या खोल दरीवर रेल्वेची कमान उभारण्याच्या तयारीत होते. १८८९ च्या आयफेल टॉवरचे खालून वर निमुळते होत गेलेले वक्र पाय वाऱ्याच्याच हिशेबाने ठरले. पुढे पनामा कालव्याच्या घोटाळ्यात ते सापडले. १८९३ मध्ये त्यांना कैदेची शिक्षा झाली, वरच्या न्यायालयाने ती रद्द केली, पण त्यांनी धंद्यातून अंग काढून घेतलं. हाताशी पैसा होता, वेळ होता आणि तीनशे मीटर उंचीचा टॉवर होता. टॉवरचा परवाना वीस वर्षांचाच होता आणि नंतर तो उतरवला जाण्याची टांगती तलवार होती. विज्ञानाच्या कामी आला तर टॉवर वाचेल, हाही विचार त्यांच्या मनात होता. त्यात मला काही वावगं दिसत नाही.

१९०३ मध्ये प्रयोग सुरू झाले. टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरून, सुमारे ११५ मीटर उंचीवरून, जमिनीपर्यंत एक उभा दोर ताणलेला. त्याला धरून एक जड यंत्र खाली येई. यंत्राच्या पुढच्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली पत्र्याची चकती किंवा चौकोन असे. हवा पत्र्याला मागे रेटी, स्प्रिंग दबे, आणि काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर सुई रेघ ओढी. ती सुई नादकाट्याला जोडलेली, त्यामुळे रेघेतल्या लहरी मोजल्या की वेळही कळे. खाली येताना दोर जाड होत जाई आणि यंत्राचे चिमटे त्यावर घासून ते थांबे. वेग सेकंदाला ४० मीटरपर्यंत जाई. असे पत्रे त्यांनी शेकडो वेळा सोडले आणि १९०७ मध्ये सगळं छापलं. तोवर अभियंते सर्रास वापरत असलेले काही गुणक बरेच फुगलेले होते, असं निघालं.

पण पडत्या यंत्रावर विमानाचा पंख नीट तपासता येत नाही. १९०९ मध्ये आयफेल यांनी टॉवरच्या पायथ्याशी विंड टनेल बांधला. वस्तू जागेवर ठेवायची आणि हवा तिच्यावरून न्यायची. दीड मीटर व्यासाचा झोत, पंख्याला वीज टॉवरच्याच जनित्रावरून. पंखाला वर उचलण्यात खालच्या रेट्यापेक्षा वरच्या बाजूच्या ओढीचा वाटा मोठा असतो, हे त्यांनी इथे मोजून दाखवलं. १९१२ मध्ये प्रयोगशाळा पॅरिसच्याच ओतय भागात हलली. दोन मीटरचा झोत, वेगही जास्त. ती इमारत आणि तो विंड टनेल अजून जागेवर आहेत.

आता ग्योटिंगेन. तिथला प्रमुख लुडविग प्रांट्ल आयफेल यांच्यापेक्षा बेचाळीस वर्षांनी लहान. न्यूरेनबर्गच्या यंत्रशाळेत असताना त्याला लाकडाचा भुसा ओढून नेणारी हवेची नळी सुधारायचं काम मिळालं होतं. पुढे रुंदावत जाणाऱ्या नळीत हवा मंदावते आणि दाब परत वाढायला हवा, असं पुस्तक सांगे. तसं होत नव्हतं. हवा भिंत सोडून देत होती. ती भिंत का सोडते, हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. हाताने फिरवायच्या चक्राने पाणी खेळवलेली एक लहानशी पन्हळ त्याने बनवली, पाण्यात अभ्रकासारखे चमकते कण सोडले आणि वस्तूमागे भोवरे कसे सुटतात ते तासन्‌तास पाहिलं. १९०४ च्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत त्याने एक छोटं भाषण दिलं. छापील पानं जेमतेम आठ.

त्या आठ पानांनी दालांबेरचं कोडं सोडवलं. हवेची श्यानता इतकी कमी आहे की ती सोडून द्यायला हरकत नाही, असं सगळे धरून चालत. प्रांट्ल म्हणाला, बहुतेक जागी नाहीच, पण पृष्ठभागाला लागून आहे. तिथे हवा वस्तूला चिकटलेली असते, तिचा वेग शून्य. किंचित बाहेर गेलं की पूर्ण वेग. या दोहोंच्या मधला थर, सीमास्तर, अतिशय पातळ. गोळ्याच्या पुढच्या अर्ध्यावर तो मुकाट पुढे सरकतो. मागच्या उतरणीवर समोर दाब वाढत जातो. बाहेरची वेगवान हवा तो वाढता दाब रेटून नेते, पण सीमास्तरातली दमलेली हवा अडते, उलट फिरते आणि सगळा प्रवाह गोळा सोडून देतो. मागे भोवऱ्यांचा रुंद पट्टा उरतो, तिथला दाब कमी राहतो, आणि पुढचा दाब गोळ्याला मागे ढकलतो. अवरोध जन्मतो तो त्या केसाएवढ्या थराच्या थकण्यातून. गणिताने शंभर वर्षं फेकून दिलेला नगण्य भाग तोच होता.

आता पुन्हा १९१२. आयफेल यांनी फ्योपलच्या आक्षेपाला शब्दांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी १६.२, २४.४ आणि ३३ सेंटिमीटर व्यासाचे तीन गोळे घेतले आणि झोताचा वेग पायरीपायरीने वाढवत पुन्हा मोजायला बसले. डिसेंबरात, ऐंशी पूर्ण झालेल्या त्याच महिन्यात, त्यांचं टिपण फ्रेंच अकादमीपुढे आलं. प्रत्येक गोळ्याला एक ठरावीक वेग होता आणि त्या वेगाशी गुणांक अचानक कोसळत होता. लहान गोळ्याला सेकंदाला १२ मीटर, मधल्याला ७, मोठ्याला ४. त्याच्या अलीकडे ग्योटिंगेनसारखा मोठा आकडा, पलीकडे पॅरिसचा लहान. मधल्या टप्प्यात तर वेग वाढूनही अवरोधाचं बल घटत होतं. वेगाच्या वर्गाची सवय झालेल्या कुणालाही हे वाचून आपली चाळीस वर्षांची वही पुन्हा उघडावीशी वाटली असेल.

इंग्लंडमधून लॉर्ड रॅले यांनी लगेच लिहिलं की या वेगांना मनमानी समजू नका. गोळा जितका मोठा तितका हा वेग कमी, म्हणजे दोहोंच्या गुणाकाराला अर्थ आहे आणि त्यात श्यानतेचा हात असला पाहिजे. ऑस्बर्न रेनल्ड्सने १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगीत धार सोडून नेमका हाच गुणाकार पकडला होता. वेग गुणिले आकारमान भागिले श्यानता, आणि ती श्यानता घनतेच्या हिशेबात घ्यायची. एका मर्यादेपर्यंत धार सरळ जाते, पुढे ती विस्कटून नळीभर पसरते.

हा धागा प्रांट्लने उचलला. त्याचं स्पष्टीकरण पहिल्यांदा ऐकताना उलटंच वाटतं. वेग वाढला की सीमास्तर शांत न राहता संक्षुब्ध होतो, भोवऱ्यांनी घुसळला जातो. त्या घुसळणीत बाहेरची ताजी, वेगवान हवा आत येते आणि दमलेल्या थराला जोर मिळतो. मग तो गोळ्याच्या मागच्या उतरणीवर आणखी बराच चिकटून राहतो, उशिरा सुटतो, आणि मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो. घर्षण थोडं वाढतं, पण एकूण अवरोध निम्म्याहून खाली येतो.

हे खरं असेल तर वेग न वाढवताही अवरोध घटायला हवा. फक्त थर मुद्दाम बिघडवायचा. ग्योटिंगेनमध्ये कार्ल व्हीझल्सबेर्गरने गोळ्याच्या पुढच्या अर्ध्यावर, रुंद मध्यरेषेच्या जरा अलीकडे, एक मिलिमीटर जाडीच्या तारेचं कडं चढवलं. गुळगुळीत गोळ्याला मुद्दाम खरबरीत करायचं आणि हवेने त्याला कमी अडवावं अशी अपेक्षा धरायची. तराजूचा काटा खाली आला. झोतात धूर सोडला तेव्हा डोळ्यांनीही दिसलं. कड्याशिवाय धूर गोळ्याच्या रुंद भागापाशीच सुटून फाकत होता. कडं चढवल्यावर तो गोळ्याला लगटून मागच्या अंगावर वळत गेला आणि मग सुटला. १९१४ मध्ये प्रांट्लने हे प्रसिद्ध केलं. त्याच उन्हाळ्यात दोन्ही देशांच्या फौजा एकमेकांवर चालून गेल्या.

पॅरिस आणि ग्योटिंगेनमधला फरक शेवटी वेगाचा होता, गोळ्याच्या आकाराचा होता, आणि झोत किती शांत आहे याचाही होता. आयफेल यांच्या झोतात मुळातच जास्त खळबळ होती, म्हणून त्यांचे गोळे कमी वेगातच पलीकडच्या बाजूला जात. यातून पुढे एक उपयोगी रिवाज पडला. नवा विंड टनेल बांधला की त्यात आधी गोळा लावायचा आणि गुणांक कोणत्या वेगाला कोसळतो ते पाहायचं. जितका उशिरा, तितका झोत स्वच्छ.

गोल्फ खेळणाऱ्यांना हे अनुभवाने आधीच माहीत होतं. ओरखडे पडलेला जुना चेंडू कोऱ्या चेंडूपेक्षा लांब जातो, म्हणून इंग्लंडच्या विल्यम टेलरने १९०५ मध्ये खळगे पाडलेल्या चेंडूचं पेटंट घेतलं होतं. तो लांब का जातो, हे व्हीझल्सबेर्गरच्या तारेने सांगितलं. क्रिकेटमध्ये हीच गोष्ट चेंडूच्या एकाच बाजूला घडते. तिरकी धरलेली शिवण एका अंगाचा सीमास्तर बिघडवते, तिथे हवा उशिरा सुटते, दुसऱ्या चकाकत्या अंगावरून लवकर सुटते, आणि चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो. म्हणूनच वर धरलेला ०.४५ तेवढ्या वेगाच्या, तेवढ्या आकाराच्या गुळगुळीत गोळ्याचा आहे. सकाळी कोरा चेंडू हातात घेऊन धावत येणाऱ्या गोलंदाजाचा आकडा वेगळा, आणि चाळीस षटकांनंतर खरबरीत झालेल्या त्याच चेंडूचा आणखी वेगळा.